शिवी कुणाला, आई कुणाची

आमच्या कळंबमध्ये एखादा शब्द शिवी आहे की नाही, हे तो कुठे उच्चारला यावर ठरतं. चहाच्या टपरीवर 'च्यायला' म्हणजे नुसता स्वल्पविराम. दोन वाक्यांच्या मधे दम घ्यायला वापरायचा. तोच शब्द शेताच्या बांधावर अख्खा, सुटा करून म्हटला की समोरच्याच्या हातात काठी येते. घरात थोरल्यांसमोर चुकून निसटला तर जेवण उरकेपर्यंत कुणी बोलत नाही. आणि आषाढी वारीत तुकोबांची पालखी जवळच्या बेलवाडीत रिंगणाला आली, की वर्षभर ज्यांच्या तोंडाला कुणी लागत नाही अशी माणसंही अनोळखी माणसाला 'माउली' म्हणून हाक मारतात. पालखी पुढे निमगाव केतकीकडे सरकली की दोन दिवसांत भाषा परत रुळावर. माउली म्हणजेही आई, आणि रुळावर आलेल्या भाषेतही आईच.

कळंब हे इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या बाजूला, वालचंदनगरला लागून असलेलं गाव. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी या भागात ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला, पुढे यंत्रं बनवणारा कारखाना आला, त्याभोवती वसाहत आली. त्यामुळे आमच्याकडे लहानपणापासून दोन भाषा कानावर पडल्या. कॉलनीतली पोरं क्रिकेटमध्ये बोल्ड झाली की 'शिट्' म्हणायची. आम्ही गावातली पोरं बोल्ड झालो की जे म्हणायचो ते इथे लिहीत नाही. दोन्हींचा अर्थ 'अरेरे' एवढाच. मार मात्र आम्हालाच पडायचा, कारण इंग्रजी शिवी ही शिवी आहे हे मारणाऱ्याला मान्यच नव्हतं.

तेव्हापासून मला एक प्रश्न आहे. शिवी कुणी द्यायची, कुणी द्यायची नाही, कुठे चालते, कुठे नाही, हे सगळं ठरवतं कोण? इतिहासात मागे गेलो तर पहिलं उत्तर चक्क राजदरबारात सापडतं.

दगडात कोरलेली शिवी

गद्धेगाळ हा शब्द ऐकलाय? नसेल तर आज झोपायच्या आधी याचे फोटो नक्की शोधा. उत्तर कोकणात, मुंबई-ठाणे-रायगडच्या पट्ट्यात आणि महाराष्ट्रात इतरत्रही हे दगड सापडतात. बहुतेकांची रचना ठरलेली. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, आणि खाली एक गाढव व एक बाई अशा स्थितीत कोरलेले, की सहलीला आलेले शिक्षक पोरांना घाईघाईने पुढे नेतात. 'गाळ' म्हणजे शिवी. गद्धेगाळ म्हणजे गाढवाची शिवी.

हा दगड म्हणजे एक सरकारी कागदच. राजाने कुणाला जमीन दान दिली, देवळाला उत्पन्न लावून दिलं, की त्याचा दाखला दगडावर कोरायचा. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिको, असा वरच्या चित्राचा अर्थ. आणि जो कुणी हे दान मोडेल त्याच्या आईचं गाढवाशी असं असं होवो, असा खालच्या चित्राचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून चित्र.

मुंबईतल्या परळचा शिलालेख शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, इसवी सन ११८७चा. त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटचा शाप मराठीत. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. राजाची कीर्ती, दानाचा तपशील, तिथी-वार यांना संस्कृत चाललं. धमकी द्यायची वेळ आली तेव्हा ज्याला द्यायची त्याची भाषा लागली. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांमध्ये म्हणजे एक शिवी आहे, आणि ती राजाच्या वतीने दिलेली आहे. त्यात अश्लील काही आहे असं दरबारात कुणाला वाटलं नसावं. वाटलं असतं तर दगड बसलाच नसता.

आता शिवीची बांधणी पाहा. जमीन लाटणार कोण? पुढे कधीतरी येणारा एखादा पुरुष, अधिकारी किंवा राजा. शिक्षा कुणाला? त्याच्या आईला. तिने काहीच केलेलं नाही. वादाच्या जागी ती हजरही नाही. साडेआठशे वर्षांनी कळंबच्या शिवारात दोन भाऊ हातभर बांधावरून भांडतात तेव्हा वाद तोच असतो, जमिनीचा, आणि शिवीही त्याच पत्त्यावर जाते. फक्त इथे भाऊ सख्खे असल्यामुळे दोघांची आई एकच असते. ती ओट्यावर बसून सगळं ऐकत असते.

बायकांच्या तोंडची भाषा

शिव्या फक्त पुरुषच देतात असं म्हणणाऱ्याने आमच्याकडच्या म्हाताऱ्या ऐकलेल्या नाहीत. पण त्यांची जात वेगळी. पुरुषांची शिवी नात्यावर आणि शरीरावर जाते. जुन्या बायकांची शिवी मरणावर जाते. 'मुडद्या', 'मेल्या', 'तुझं वाटोळं झालं', 'तुला पटकी आली', 'तुला मरी आली'. यातली पटकी म्हणजे कॉलरा.

आज 'पटकी' म्हटलं तर तुमच्यापैकी अनेकांना अर्थ शोधावा लागेल. एकोणिसाव्या शतकात लागत नव्हता. गर्दी, दूषित पाणी आणि उघड्यावरचे मुक्काम यामुळे पंढरपूरच्या यात्रेत कॉलराच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरल्या. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असायचा. मरीआईचे गाडे एका गावातून दुसऱ्या गावाच्या शिवेवर ढकलले जायचे ते याच भीतीने. १८९६पासून प्लेग आला. शाप म्हणून काय द्यायचं, हे शोधायला बायकांना लांब जावं लागलं नाही. आजीच्या तोंडातली शिवी म्हणजे एका अर्थाने आरोग्य खात्याची नोंदवही आहे. साथ गेली, शब्द राहिला, आणि आता नातवाला लाडाने 'मुडद्या, जेवून घे' म्हणताना त्यातलं मढं कुणाला दिसतही नाही.

या बायकांना सार्वजनिक ठिकाणी शिवी द्यायची मुभा मात्र नव्हती. एक दिवस सोडून.

आमच्यापासून फार लांब नाही, लोणंदजवळ, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. मधून ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेडच्या बायका ओढ्याच्या एका काठावर, बोरीच्या दुसऱ्या काठावर उभ्या राहतात आणि वाजंत्र्यांच्या गजरात एकमेकींना हातवारे करत शिव्या देतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. पाटलाच्या दोन बायका दोन गावांत होत्या, ओढ्यावर त्यांची जुंपली आणि त्यातून ही प्रथा पडली, असं सांगितलं जातं. कुणी ओढा ओलांडून अंगावर जाऊ नये म्हणून पोलीस बंदोबस्त असतो. ऐकायला आणि बघायला माणसं लांबून येतात. बार संपला की बायका घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांनी तेच शब्द चावडीसमोर उच्चारले तर त्यांची खैर नाही.

पुरुषांना असा एक दिवस पुरायचा नाही. त्यांना शिमगा होता, म्हणजे होळीचे अनेक दिवस. बोंब मारायची, ज्याच्या दारात एरवी मान खाली घालून जायचं त्याच्या नावाने ओरडायचं. 'शिमगा करणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या सुधारकांनी हा बीभत्सपणा थांबावा म्हणून होलिका संमेलनं भरवली, शिव्यांच्या जागी व्याख्यानं, भजनं आणि खेळ ठेवले. त्यांचा हेतू चांगला होता. शिमग्याच्या गोंधळात रस्त्याने जाणाऱ्या बाईची काय अवस्था व्हायची, ते त्यांना दिसत होतं. वर्षातून चार दिवस खालच्याने वरच्याला बोलून घ्यावं आणि मग वर्षभर गप्प बसावं, ही शिमग्यातली सोय एकीकडे. आणि त्या बोलण्यात गावातल्या बायकांची अब्रू सगळ्यात आधी खर्ची पडायची, हे दुसरीकडे. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

पोलीस ठाण्यातली शिवी

१८६०च्या भारतीय दंड संहितेने शिवीला कलमं दिली. २९४ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांसाठी, ५०४ शांतता भंगावी अशा हेतूने केलेल्या अपमानासाठी. आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या भांडणखोर माणसाला विचारा, तो '३२३, ५०४, ५०६' हे आकडे आपल्या गट नंबरासारखे पाठ म्हणून दाखवेल. मारहाण, शिवीगाळ, धमकी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हे आकडे ११५(२), ३५२ आणि ३५१ झाले. पाठांतर नव्याने सुरू आहे.

फिर्यादीतलं वाक्यसुद्धा ठरलेलं असतं. 'मला घाणघाण शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जीवे मारण्याची धमकी दिली.' मारहाणीचा तपशील येतो, उजव्या हाताला की डाव्या, काठीने की दगडाने. शिवीचा तपशील बहुतेक वेळा येत नाही. ती 'घाणघाण' या एका शब्दात गुंडाळली जाते. अपरादित्याच्या दगडापेक्षा आपले कागद जास्त लाजाळू आहेत.

पुढे हीच लाज रंगभूमीवर आणि पुस्तकांत उभी राहिली. १९७२ हे त्या दृष्टीने मोठं वर्ष. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि कामाठीपुऱ्यातली भाषा जशीच्या तशी कवितेत शिरली. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं, त्याच्यावर बंदी आली, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी ती लढाई कोर्टात नेऊन जिंकली. निळू फुल्यांचा सखाराम शिव्या द्यायचा. पण प्रेक्षकांना जास्त झोंबली ती लालन सारंग यांची चंपा, जी दारू पिते आणि नवऱ्याला शिव्या घालते. पुरुषाने शिवी दिली तर वास्तववाद, बाईने दिली तर संस्कृतीचा ऱ्हास, अशी ती वाटणी होती. बोरीच्या ओढ्याच्या काठावरून चंपा नाट्यगृहात आली होती आणि परत जायला तयार नव्हती.

२०१० साली महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावावरून वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि चित्रपट त्याच नावाने प्रदर्शित झाला. 'घो' म्हणजे कोकणात नवरा. आईचा नवरा, एवढंच. तरी तो शब्द शिवी आहे, कारण आईचा नवरा कोण हे विचारणं हीच आपल्याकडे शिवी आहे. 'च्यायला'चंही तेच. 'तुझ्या आईला' असं वाक्य झिजून झिजून तेवढं उरलं. पुढचं क्रियापद गळून पडलं, आई मात्र जागची हलली नाही.

जी शिवी वाटतच नाही

आतापर्यंत आपण अशा शब्दांबद्दल बोललो जे शिवी आहेत हे सगळ्यांना मान्य आहे. आता दुसरे घ्या. जातीचं नाव.

गावात कितीतरी शुद्ध तोंडाची माणसं भेटतात. आईबहिणीवरून कधी बोलत नाहीत, माळ घालतात, एकादशी धरतात. आणि कुणी घाणेरडं राहिलं, कुणाचं अक्षर वाईट आलं, कुणी हावरटासारखं जेवलं, की सहज एखाद्या जातीचं नाव घेऊन तुलना करतात. आपण शिवी दिली हे त्यांच्या गावीही नसतं. ज्याची जात ती असते, तो तिथेच पाणी भरत किंवा मोटार दुरुस्त करत उभा असतो. त्याला ऐकू गेलेलं असतं.

ही शिवी आहे, हे कायद्यात लिहावं लागलं. १९८९चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आला आणि लोकांसमक्ष अपमान करणं गुन्हा ठरलं. २०१५च्या दुरुस्तीत जातीच्या नावाने शिवीगाळ करण्यासाठी स्वतंत्र पोटकलम आलं. इथेही जागेचा प्रश्न सुटला नाही. गुन्हा ठरायला ती शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली असावी लागते. बाहेरचं कुणी नसताना चार भिंतींच्या आत उच्चारलेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या एका निकालात सांगितलं. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. ऐकणाऱ्याला मात्र भिंती असल्या-नसल्याने फरक पडत नाही.

'आमची भाषाच रांगडी, मनात काही नसतं,' हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय. त्यात थोडं खरं आहे. दोन मित्र एकमेकांना जे म्हणतात त्यात प्रेमच असतं. पण रांगडेपणाची एक परीक्षा आहे. उलट शिवी चालते का? ऊसतोडीच्या फडात मुकादम कोयत्याला शिवी देतो. कोयता म्हणजे तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, उचल घेऊन आपलं गाव सोडून आलेलं. मोळी बांधता बांधता ते ऐकून घेतं. त्या जोडप्याने तीच रांगडी भाषा मुकादमाला ऐकवली तर? ते होत नाही. जी शिवी परत करता येत नाही, ती भाषेची लकब नव्हे, तो अधिकार आहे. गद्धेगाळाच्या दगडावर तोच होता.

पाचशे रुपये

२०२४ सालात शिवीबद्दल दोन निर्णय झाले, एक दिल्लीत, एक अहिल्यानगर जिल्ह्यात.

मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितलं, की शिव्या असणं म्हणजे आपोआप अश्लील असणं नव्हे. रागाने, वैतागाने उच्चारलेल्या शिवीचा शब्दशः अर्थ मनात धरून कुणी बोलत नाही. तुम्ही-आम्ही ती मालिका किंवा तिच्यासारख्या दहा मालिका फोनवर पाहिल्यात, त्यामुळे हे आपल्याला पटतं. मलाही पटतं. कुणाला तोंडातल्या शब्दासाठी तुरुंगात टाकू नये.

मग नोव्हेंबरमध्ये नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला. आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे. हे गाव आधी तंटामुक्तीसाठीही गाजलेलं. बातमी आली तेव्हा आमच्या गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर हसण्याच्या बाहुल्या पडत होत्या. 'आपल्याकडे केलं तर ग्रामपंचायत श्रीमंत होईल,' असं एकाने लिहिलं. पुढे त्याने 'च्यायला' जोडलं होतं.

मीही हसलो. मग ठरावाचे शब्द पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आलं की यात काहीतरी वेगळं आहे. दंड संहितेने विचारलं, शिवी कुठे दिली? शिमगा आणि बोरीचा बार विचारतात, कधी दिली? नाट्यगृहाने विचारलं, कुणी दिली? सौंदाळ्याने विचारलं, कुणावरून दिली? जिच्यावरून दिली ती बाई भांडणात नव्हती, मग तिचं नाव का घेतलं, एवढाच त्या ठरावाचा मुद्दा. राग करू नका, भांडू नका, तोंड धुऊन बोला, असं त्यात नाही. बाकी हजारो शिव्या मोकळ्याच आहेत.

उद्या कळंबच्या ग्रामसभेत असा ठराव आला तर मी हात वर करेन. पण बसायच्या आधी दोन गोष्टी विचारेन. एक, आईबहिणीच्या जोडीला त्यात जातीचं नावही घालायचं का? कारण पहिली शिवी देणारा निदान ओशाळतो. दुसरी देणाऱ्याला आपण काही बोललो हेच माहीत नसतं. आणि दोन, पावती आधी कुणाच्या नावाने फाटणार? टपरीवर बसलेल्या पोराच्या, की फडात उभ्या असलेल्या मुकादमाच्या? पोराला पकडणं सोपं आहे. तो ओरडून बोलतो, सगळ्यांच्या देखत बोलतो, आणि त्याच्या मागे कुणी नसतं. मुकादमाला पावती द्यायला जो माणूस उसात शिरेल, त्याचं नाव काय, हे ठरावाच्या खालीच लिहून घ्यायला हवं.